माझा परफ्यूम बंद झाला, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई. मी कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमचे मिस्टर मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. 1998 साली सिंगापूरहून येताना त्यांनी माझ्यासाठी गुच्चीचा ‘एन्व्ही’ आणला. उंच, सरळसोट काचेची बाटली आणि चांदीसारखं झाकण. तोवर मला पावडर आणि लग्नकार्यात कानात अत्तराचा फाया, एवढंच माहीत होतं. पहिल्या दिवशी तो आवडला नाही, फार हिरवा आणि कच्चा वाटला. दुपारच्या तासाला फळ्यावर लिहिताना मनगटाचा वास आला आणि मग दुसरं काही लावावंसं वाटलंच नाही. मी जिन्यावरून गेले की मुलांना कळायचं म्हणे. लेक लीड्सला असते. ती येते तेव्हा माझी वापरलेली ओढणी मागून नेते.

मिस्टर जहाजावर होते तोवर बाटल्या येत राहिल्या. मग एन्व्ही दुकानांतून दिसेनासाच झाला. शेवटच्या बाटलीत आता बोटभर उरलाय. संपेल म्हणून मी ती उघडतच नाही. गेल्या दिवाळीत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बरेच पैसे मोजून एक जुनी बाटली घेतली, तर आधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपका आला आणि मागून काहीतरी भलतंच. ती खोटी आहे का? की माझंच नाक बिघडलंय? 2021 मध्ये कोविड झाल्यापासून कांदा परतल्याचा वास मला सोसत नाही. हुबेहूब तसाच परफ्यूम कुणी बनवून देतं का? भाची म्हणते ‘एन्व्ही मी’ घे, नाव तेच आहे. मिस्टर म्हणतात, सेंटसाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं!
– म. क., कल्याण

उत्तर : ताई, आधी एक काम करा, बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. दोन मिलिलिटरची, घट्ट झाकणाची काचेची कुपी आणा. प्लॅस्टिकची नको. एन्व्हीच्या बाटलीचा पंप गळ्याला दाबून बसवलेला असतो. तो उपसायला जाऊ नका, काच तडकते. कुपीच्या तोंडाशी नोझल धरून हळूहळू फवारा, कुपी काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. झाकण लावून तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. ही कुपी लावायची नाही. हे तुमचं ‘स्टँडर्ड’.

मुंबईच्या उपनगरात, सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत मी इव्हॅल्युएटर, म्हणजे वास पारखणारी, होते. परफ्यूमरने नवी ट्रायल आणली की आम्ही ती स्टँडर्डच्या शेजारी ठेवून ब्लॉटरवर, म्हणजे कागदाच्या पट्टीवर, हुंगायचो. आठवणीवर विसंबून मत द्यायला कुणालाच परवानगी नसे, नाक कितीही मुरलेलं असो. आठवणीतला वास दरवर्षी थोडा अधिक सुंदर होत जातो आणि त्याच्यापुढे खरी बाटलीही फिकी पडते. स्टँडर्डशिवाय शोधायला निघालात तर जे जे हुंगाल ते ते नाकारत राहाल.

आणि उरलेला एन्व्ही वापरायला लागा. हे मी अगदी आग्रहाने सांगते. तळाशी बोटभर परफ्यूम आणि वर बाटलीभर हवा, या अवस्थेत तो न वापरताही बदलत असतो. हवेतल्या प्राणवायूने आधी वरचे हलके, ताजे घटक बिघडतात, आणि तुमच्या परफ्यूमचा सगळा जीव त्या हिरव्या सुरुवातीत आहे. आणखी पाच वर्षांनी उघडाल तेव्हा खालचा कस्तुरीचा थर असेल, पण ज्याच्यासाठी जपलात ते गेलेलं असेल. लेक येईल तेव्हा लावा, लग्नाच्या वाढदिवसाला लावा, नुसतं मंगळवारी भाजी आणायला जाताना लावा. ओढणीवर फवारलात तर कातडीपेक्षा जास्त टिकतो. रेशमावर मात्र आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून डाग पडत नाही ना ते बघा.

आता तुम्हाला नेमकं काय आवडलं होतं, ते बोलू. कारण ते कळलं तरच पुढचा शोध सोपा जातो. एन्व्ही 1997 चा, मोरिस रुसेल या परफ्यूमरने केलेला. टॉम फोर्ड गुच्चीचा मुख्य डिझायनर होता तो काळ. नव्वदच्या दशकात बाजारात एकीकडे पाण्यासारखे पातळ आणि दुसरीकडे मिठाईसारखे गोड परफ्यूम जोरात होते. त्यांत हा ताठ उभा राहिला. खुडलेल्या देठाचा, ओल्या पानाचा हिरवेपणा, त्यामागे हायसिंथ आणि पांढरी लिली ऑफ द व्हॅली ही फुलं, आणि खाली स्वच्छ, गार कस्तुरी. पहिल्या दिवशी तुम्हाला तो कच्चा वाटला, ते बरोबरच आहे. तो कच्चेपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

मला विचाराल तर ही बांधणी आपल्याकडच्या बायकांना परकी नाही. मोगऱ्याच्या गजऱ्यात मधे मधे मरवा गुंफतात, तो कशासाठी? नुसता मोगरा तासाभरात डोक्यात जातो, मरव्याचा हिरवा, किंचित कडसर वास त्याला आवर घालतो. पांढरं फूल आणि त्याला धरून ठेवणारं हिरवं पान, हीच जोडी एन्व्हीत आहे, फक्त फुलं आणि पानं युरोपातली. तुम्ही लहानपणी मरव्याचा गजरा माळला असेल, तर फळ्यासमोर तुम्हाला जे भेटलं त्याची ओळख कदाचित जुनीच असेल.

यात एक मेख आहे. लिली ऑफ द व्हॅली हे मुकं फूल आहे. मोगऱ्याचा किंवा गुलाबाचा अर्क निघतो तसा त्याचा निघत नाही, कितीही फुलं घ्या. त्याचा वास परफ्यूमरला प्रयोगशाळेतल्या रसायनांतून उभा करावा लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रॉक्सिसिट्रोनेलाल आलं, पुढे लिलिअल आणि लायरल आले, आणि त्यांच्या जोरावर जगभरच्या परफ्यूम, साबण, शांपूंत ही लिली फुलली. यातल्या लायरलने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते असं दिसल्यावर ऑगस्ट 2021 पासून युरोपीय महासंघात ते असलेली सौंदर्यप्रसाधनं विकायला बंदी आली. लिलिअल प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत झालं आणि 1 मार्च 2022 पासून तेही गेलं. एन्व्ही हे नियम लागू व्हायच्या आधीच बंद पडला होता, तेव्हा त्याच्या जाण्याचं खापर यांच्यावर फोडता येणार नाही. पण उद्या कंपनीने तो परत आणायचं ठरवलं, तरी ही लिली वेगळ्या मालातून उभारावी लागेल. तुमच्याकडे जुनं खोकं असेल तर घटकांच्या बारीक यादीत ‘ब्युटाइलफेनिल मिथाइलप्रोपिओनल’ दिसतं का पाहा. ते लिलिअलचं छापील नाव. या बंदीमुळे तुम्ही घाबरून जाऊ नका, पण मानेवर सपासप मारण्यापेक्षा कपड्यावर लावा म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे.

मग परफ्यूम बंद का होतात? फॅशनच्या बहुतेक कंपन्या परफ्यूम स्वतः बनवत नाहीत, परवाना दुसऱ्याला देतात. गुच्चीचे परफ्यूम प्रॉक्टर अँड गँबलकडे होते, 2016 मध्ये ते ‘कोटी’ (Coty) नावाच्या कंपनीकडे गेले. घर बदलताना जुनं सामान कमी होतं तसं या व्यवहारांत होतं. ज्याचा खप थोडा पण चाहते कट्टर, असा परफ्यूम हिशेबात मागे पडतो. त्यात दरवर्षी नवे शेकडो येतात आणि दुकानाच्या फळीची लांबी तेवढीच राहते.

आता तुमच्या दिवाळीच्या बाटलीकडे येते. वास ऐकून मला ती खोटी असण्यापेक्षा म्हातारी असण्याची शक्यता जास्त वाटते. उष्णतेत किंवा उजेडात राहिलेल्या बाटलीचे वरचे घटक बिघडले की असा रिमूव्हरसारखा भपका येतो. अशा बाटलीचा निवाडा पहिल्या मिनिटात करायचा नसतो. पट्टीवर फवारा, पंख्यापासून दूर ठेवा आणि अर्ध्या तासाने हुंगा. खालचा भाग तुमच्या स्टँडर्डशी जुळला तर बाटली खरी. फुकट गेलेली ती फक्त सुरुवात, आणि मग ती ओढणीवर आदल्या रात्री मारून सकाळी घ्यायची. जुळला नाही तर बाटलीच्या तळाचा बॅच नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील तर विक्रेत्याकडे पैसे परत मागायला तुमच्या हातात काहीतरी आहे.

पण त्याआधी नाकाचा प्रश्न सोडवा. कांदा परतल्याचा वास न सोसणं ही कोविडनंतर पुष्कळांना झालेली गोष्ट आहे. कांदा, लसूण, भाजलेली कॉफी यांचे वास विपरीत येऊ लागतात. याला पॅरोस्मिया म्हणतात आणि त्यात परफ्यूमही बदललेला वाटू शकतो. आमच्या लॅबमध्ये एक साधी परीक्षा असे, ट्रँगल टेस्ट. तीन पट्ट्या घ्यायच्या, दोनांवर एक वास, तिसरीवर दुसरा. मागच्या बाजूला खूण. हुंगणाऱ्याने वेगळी पट्टी ओळखायची. तुमच्या जुन्या आणि नव्या बाटलीवर ही परीक्षा आधी मिस्टरांची घ्या, मग तुमची. तुम्ही गणिताच्या बाई आहात. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा एकदा करून थांबू नका, मधे विश्रांती घेऊन पुनःपुन्हा करा. मिस्टरांना फरक कळला आणि तुम्हाला नाही, किंवा उलट, तर उत्तर मिळालं. नाकाचाच दोष निघाला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. रोज ठरावीक चार वास शांतपणे हुंगायचा सराव असतो, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे. त्याने बऱ्याच जणांना फायदा होतो, फक्त महिनोन्महिने चिकाटी लागते.

मिस्टरांना एवढंच सांगा : वासाची वार्ता मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचते. तुमच्या नोकरीची सगळी वर्षं त्या वासात मुरलेली आहेत. वाईट वाटणारच. आमच्याकडे एखाद्या साबणाचा वास किंचित बदलला की गिऱ्हाइकांची पत्रं यायची, आणि कुणी लिहायचं, ‘आई गेल्यावर हाच साबण घरात ठेवला होता.’ त्या पत्रांवर लॅबमध्ये कधी कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

हुबेहूब बनवून मिळेल का? गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या यंत्रांनी परफ्यूममधले घटक वेगळे करून मोजता येतात, आणि बाजारातल्या नकला अशाच होतात. पण यंत्राने दिलेली यादी ही पाककृती नसते. नैसर्गिक तेलं एकमेकांत मिसळली की कुठला रेणू कुठल्या तेलातून आला ते उकलणं कठीण. शिवाय मोठ्या कंपन्या काही रेणू फक्त स्वतःच्या परफ्यूमरपुरते राखून ठेवतात, त्यांना धंद्यात ‘कॅप्टिव्ह’ म्हणतात. ते बाहेर विकत मिळत नाहीत. एका बाईसाठी एका बाटलीचं हे काम कुणी करून दिलंच, तर खर्च बाटलीच्या किमतीशी जुळणारा नसेल. नक्कल घ्यायची तर घ्या, पण स्टँडर्डच्या शेजारी ठेवून, चार तासांनंतरचा वास बघून. सुरुवात जुळवणं सोपं असतं. नकला उघड्या पडतात त्या नंतर.

‘एन्व्ही मी’ मात्र घेऊ नका. तो 2004 चा, स्वतंत्र परफ्यूम आहे, गुलाबी आणि फळांच्या वळणाचा. चांगला असेल, पण तुमचा नव्हे.

आशा ठेवायची असेल तर एक गोष्ट सांगते. फ्रान्समध्ये व्हर्सायला ‘ओस्मोथेक’ नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे, 1990 साली सुरू झालेलं. जुन्या, बंद पडलेल्या परफ्यूमचे नमुने तिथे 12 अंश तापमानाला, आर्गॉन वायूखाली, म्हणजे प्राणवायूचा स्पर्श होऊ न देता ठेवतात. (तुमची काठोकाठ भरलेली कुपी हे त्याचंच घरगुती रूप.) जाक फाथचा ‘इरिस ग्री’ हा 1947 चा परफ्यूम अनेक दशकं बाजारात नव्हता. 2018 मध्ये तो नव्याने बांधून परत आणला गेला. ऊबिगांचा 1882 चा ‘फूजेर रॉयाल’ 2010 मध्ये परतला. अर्थात पुनर्जन्मात चेहरा थोडा बदलतो, वर सांगितलेल्या नियमांमुळे तर नक्कीच.

तोवर लावायला काय? गेर्लांचा ‘शामाद’, 1969 चा, आधी हुंगा. गॅल्बनम, म्हणजे हिरव्या वासाचा एक डिंक, आणि हायसिंथ यांची जोडी पहिल्या तासात तुम्हाला ओळखीची वाटेल. पुढे तो पावडरी आणि गोड होतो, तिथे तुमची वाट वेगळी होईल. शनेलचा ‘नंबर 19’ हिरवा आहे आणि ताठही, पण जास्त कोरडा. मला स्वतःला तो तुमच्यासारख्या बाईवर शोभेलसा वाटतो. लिलीच हवी असेल तर डिओरचा ‘डिओरिसिमो’, 1956 चा, एदमाँ रुदनिस्काचा. या सगळ्यांत काळानुसार फेरफार झालेले आहेत, म्हणून जुनी वर्णनं वाचून विकत घेऊ नका. मॉलमधल्या काउंटरवर एका वेळी एकच मनगटावर घ्या, लोकलने घरी या, रात्री झोपेपर्यंत बघा आणि मगच ठरवा.

जुना एन्व्ही पुन्हा विकत घ्यायचाच असेल तर लेकीला तिकडे शोधू द्या. परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, ते ज्वालाग्राही म्हणून तिकडून टपालाने परदेशी पाठवता येत नाही. येताना चेक-इन सामानात आणायला मात्र हरकत नसते.

प्रश्न : माझे आजोबा हिना अत्तर लावायचे, हिवाळ्यात कानात फाया. ते ज्यांच्याकडून घ्यायचे ते दुकान आता नाही. मी दोन-तीन ठिकाणांहून ‘असली हिना’ घेतलं, वास नावापुरता येतो आणि अंगावर तेलकट राहतं. आजोबांचं मिळणारच नाही का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तुमच्या आजोबांचं अत्तर बहुधा कनौजचं असावं. तिथे आजही तांब्याच्या डेगीत फुलं किंवा मसाले पाण्यात उकळून वाफ बांबूच्या नळीतून ‘भपका’ नावाच्या दुसऱ्या भांड्यात नेतात, आणि भपक्यात पूर्वी चंदनाचं तेल असे. वाफेतला गंध त्या तेलात उतरतो. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही आहे. पण चंदन दुर्मिळ आणि महाग झालं, आणि स्वस्त अत्तरांत त्याची जागा लिक्विड पॅराफिनने घेतली. तेलकटपणा त्याचाच. चंदन स्वतःही बोलतं आणि वरच्या वासाला धरूनही ठेवतं, पॅराफिनला यातलं काहीच येत नाही.

घेताना थेंबभर कागदावर लावून घरी न्या. दुसऱ्या दिवशी मागे चंदनाचा मऊ, दुधट वास उरला तर वस्तू चांगली. वास गेला आणि नुसता तेलाचा डाग उरला तर सोडून द्या.

हिन्याची एकच अशी कृती नाही, प्रत्येक घराण्याची वेगळी. त्यात मेंदीबरोबर वाळा, जटामांसी, कपूरकचरी, लवंग, जायफळ, वेलदोडा असं बरंच असतं, आणि दगडफूलही, तेच जे आपण गोड्या मसाल्यात घालतो. म्हणून नुसतं ‘हिना द्या’ म्हणून आजोबांचं मिळणार नाही. घरात त्यांची अत्तरदाणी, पेटी, शाल, काही असेल तर विक्रेत्याकडे घेऊन जा, सुकलेल्या बुडातूनही जाणकाराला पुष्कळ कळतं. काहीच नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना मसाल्याचा डबा उघडून एकेक हुंगायला द्या आणि विचारा, यातलं काय जास्त होतं. मग अत्तरवाल्याला त्याच भाषेत सांगा : वाळा कमी, दगडफूल जास्त, चंदनाच्या तेलावर काढलेलं हवं. या धंद्यातल्या जुन्या माणसांना हे लगेच समजतं, आणि त्यांच्याकडे असेल तर ते काढून देतात.